खाटेखालचं काम

दारावर टकटक झाली की खोलीतलं सगळं काम नाहीसं करायला काजवालीला एक मिनिट पुरायचं. मांडीवरचा कोटाचा तुकडा गाठोड्यात, गाठोडं खाटेखाली ट्रंकेच्या मागे, वरून जमिनीला टेकेल अशी चादर. सुया पडद्याच्या काठात, छिन्नी चमच्यांच्या डब्यात, मेणाचा गोळा मिठाच्या बरणीमागे. शेवटी ओलं फडकं एकदा फरशीवरून फिरवायचं, कारण काळ्या दोऱ्याचे बारके तुकडे चहाडी करतात. मग केसांवरून हात फिरवून ती दार उघडायची, आणि दारात कोणीही असो, त्याला दिसायची ती नुकतीच आवराआवर करून रिकामी बसलेली एक बाई.

ही विद्या तिला सासूने दिली. लग्न होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. सासू म्हणाली, "काज पुढे शिकशील. आधी लपवायला शीक." आणि दाराबाहेर उभी राहून ती मोठ्याने आकडे मोजायला लागली. साठच्या आत खोली स्वच्छ झाली पाहिजे. पहिल्या दिवशी, सुई टोचू नये म्हणून नव्या सुनेने बोटात घातलेलं पितळी टोपण बोटातच राहिलं. सासूने ते दोन बोटांत धरून वर केलं आणि विचारलं, "हे काय, जेवताना घालतात तुमच्याकडे?" त्यानंतर ते टोपण कधी विसरलं नाही.

लपवायचं का, याचं उत्तर मात्र दर वेळी वेगळं असायचं. घरमालक म्हणतो खोली राहायला दिली आहे, धंद्याला नाही. विजेचा मीटर घरगुती दराचा आहे. आणि गाठोडेवाला, म्हणजे कपड्यांच्या कारखान्यातून कोटाचे तुकडे घरोघरी पोचवणारा माणूस, तो म्हणायचा, "तपासनीसाने पाहिलं तर माझं काम जाईल, आणि माझं गेलं की तुमचं आधी जाईल." तिन्ही कारणं इतकी जुनी झाली होती की त्यातलं पहिलं कुठलं ते सासूलाही आठवत नव्हतं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. अख्ख्या गल्लीत तिला काजवाली म्हणत, तिच्या खोलीचा पत्ता कोणी विचारला तर पोरंही बोट दाखवत. खुद्द घरमालकाच्या कोटाची काजं तिने केली होती. सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त कागदाला ठाऊक नव्हतं.

आणि काम काही लपवण्यासारखं नव्हतं, मिरवण्यासारखं होतं. भारी कोटाचं काज हाताने करतात. खडूच्या खुणेवर छिन्नी ठेवून एकच ठोका, चीर पडते. पुढच्या टोकाला बटणाचा देठ बसेल एवढा गोल डोळा. चिरेच्या कडेने जाड दोरा ठेवायचा आणि त्याच्यावरून मेण लावलेल्या रेशमी दोऱ्याचे टाके, एकाला एक खेटून, प्रत्येक टाक्याची गाठ बरोबर काठावर. एक गाठ खाली घसरली की सगळं काज वाकडं तोंड करतं. काजवालीची गाठ तीस वर्षांत घसरली नव्हती. दुसऱ्या गल्लीतल्या बाया नमुना बघायला तिच्याकडे येत, आणि ती टकटक ऐकून नमुना लपवून मगच दार उघडायची.

घरात या कामाला काम म्हणायची पद्धत नव्हती. नवरा बाटल्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होता. तो कामाला जायचा, कामावरून यायचा, कामाने थकायचा. ती घरीच असायची. स्वयंपाक, धुणी, पाणी, सासूची पाठ, मुलीचा अभ्यास, आणि या सगळ्याच्या फटींमध्ये दिवसाला पंधरा-सोळा काजं. मुलीच्या शाळेच्या अर्जावर आईचा व्यवसाय विचारला तेव्हा नवऱ्याने रेघ मारली. मुलीला बघायला आलेल्यांनी विचारलं, "विहीणबाई काय करतात?" ती स्वतःच म्हणाली, "मी काय, घरीच असते." पुढे बाटल्यांचा कारखाना बंद पडला, मुलगी लग्न होऊन दूर गेली, आणि घर नऊ वर्षं नुसत्या काजांवर चाललं, तरी वाक्य तेच राहिलं. ती खोटं बोलत होती असं नाही. इतकी वर्षं म्हटल्यावर ते वाक्य तिच्या जिभेवर घर करून बसलं होतं आणि भाडंसुद्धा देत नव्हतं.

डावा डोळा कधी गेला ते तिला कळलंच नाही. नळावर जाताना डाव्या हाताचा खांब तिला दोनदा लागला, तेव्हा ती खांबाला बोलली. तिसऱ्यांदा लागला तेव्हा धर्मादाय दवाखान्यात गेली. डॉक्टर तरुण होता, सरळ बोलणारा. "काचबिंदू आहे. डावा गेला. उजव्याची नजर कडेने आत आत येते आहे. गेलेली परत येत नाही, उरलेली वाचवता येते. पण सहा महिन्यांत शस्त्रक्रिया झाली पाहिजे. कामगार रुग्णालयात फुकट होईल, कामगार कार्ड असेल तर. तुम्ही काय करता?"

"घरीच असते," ती म्हणाली, आणि डॉक्टरने तसं लिहिलं.

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "खाजगीत करायचं तर खोली विकावी लागेल."

"खोली आपली कुठे आहे? भाड्याची आहे."

"तेच म्हणतो मी," नवरा म्हणाला. दोघं थोडी हसली. हसण्यासारखं काही नव्हतं, पण दुसरं काय करणार.

त्याच महिन्यात कामगार संघटनेच्या बाईंनी नळापाशी सभा घेतली. कायदा झाला होता. घरी बसून कारखान्याचं काम करणाऱ्या बाया आता कामगार ठरल्या होत्या. त्यांची एकदाच यादी होणार, पाहणी करणारे घरोघर येणार, ज्यांचं नाव लागेल त्यांना कार्ड. बाई म्हणाल्या, "लाजू नका, घाबरू नका. काम समोर मांडून ठेवा आणि तोंडाने सांगा." काजवाली अगदी पुढे बसली होती. तिने एकच प्रश्न विचारला, "त्या कार्डावर डोळ्याचं होतं का?" बाई म्हणाल्या, होतं. त्या संध्याकाळी तिने भिंतीवरच्या आरशासमोर उभं राहून म्हणून पाहिलं, "मी काजं करते." तिला आपल्याच तोंडाचं हसू आलं. मग पुन्हा म्हटलं, जरा नीट. किती दिवसांनी तिला बरं वाटलं होतं.

बारा दिवस तिने वाट पाहिली. तेराव्या दिवशी सकाळी गाठोडेवाला आला आणि गाठोडं टेकवून दाराआड सरकला. "वहिनी, जपून. तपासनीस सुटलेत. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक जण हिंडतोय, बरोबर फाइलवाली मुलगी आहे. ज्या घरात तुकडे सापडतील त्या घराचं गाठोडं कायमचं बंद. वरून हुकूम आहे." तो खोटं बोलला असंही म्हणता येत नाही. ओळखपत्रवाला होता, फाइलवाली मुलगीही होती. ते कोण होते एवढंच त्याने आपल्या सोयीने सांगितलं.

दुपारी टकटक झाली. गल्लीतली नव्हे, बोटाच्या पेरांनी केलेली, सरकारी टकटक. काजवालीने विचार केलाच नाही. विचार करायला वेळ मिळण्याआधी हात चालू झाले होते. तुकडा, गाठोडं, चादर, सुया, छिन्नी, मेण, फडकं. साठ कसले, पन्नाससुद्धा झाले नसतील. सासू असती तर पहिल्यांदा शाबासकी देऊन गेली असती.

दारात फाइलवाली मुलगी होती, मागे ओळखपत्रवाला. मुलगी गोड बोलायची. "काकू, घरात कोण काय काम करतं ते लिहून घ्यायचंय."

"यांचा कारखाना बंद पडला. घरी असतात. आता बाजारात गेलेत."

"आणि तुम्ही?"

खोलीत गाठोडं खाटेखाली होतं आणि बारा दिवस घोकलेलं वाक्य तिच्या डोक्यात होतं. पण समोर ओळखपत्र होतं, आणि सकाळचे शब्द कानात ताजे होते. "मी काय," ती म्हणाली, "घरीच असते."

"शिवणकाम? पॅकिंग? थोडंफार काही?"

"नाही हो."

"नक्की ना? याची नोंद होणार आहे म्हणून विचारते."

नोंद हा शब्द ऐकला आणि उरलासुरला संशयही गेला. तपासनीसच हे. तिने दाखवलेल्या जागी सही केली. मुलीने खोलीभर नजर फिरवली आणि मनापासून म्हणाली, "किती स्वच्छ ठेवलीय हो खोली." काजवाली सुखावली. ताकाला जाऊन भांडं लपवतात तसं झालं, आणि वर भांडं छान लपवल्याबद्दल कौतुकही झालं.

ते तपासनीस नव्हते, यादीवाले होते, हे तिला संध्याकाळी कळलं, थोरल्या जाऊमुळे. जाऊ तीन दारं सोडून राहायची. काजं झाली की गाठोडं तिच्याकडे जायचं, ती बटणं लावायची. पाय सुजलेले, अंग जड, आणि लपवायचा भयंकर कंटाळा. सासूने तिला शिकवायचा नाद केव्हाच सोडला होता. ती दारातूनच चिठ्ठी हलवत आली. "तुझी कुठल्या रंगाची गं? माझी पिवळी."

"कसली चिठ्ठी?"

"अगं ती फाइलवाली नाही का आली. मी आपली पसारा मांडून बसले होते, उठणार कोण. म्हटलं बघायचं ते बघा. तर हे देऊन गेली." चिठ्ठीवर लिहिलं होतं, काज-बटण कामगार. जाऊ जरा ओशाळून म्हणाली, "मी सांगितलं गं, मी नुसती बटणं लावते. ती म्हणाली रकाना एकच आहे. माझ्या मांडीवर तुझा तुकडा होता ना, तो बघून म्हणाली, काय सुबक काजं केलीत. आता त्यावर मी काय बोलणार?"

जन्मभर आळशी म्हणून बोलणी खाल्लेल्या जाऊबाईला त्या दिवशी आळसाने तारलं, आणि काजवालीला तिच्या चपळाईने बुडवलं. ती तशीच पायांत काही न घालता गल्लीच्या टोकापर्यंत पळत गेली. फाइलवाली दुसऱ्या भागात गेली होती.

नोंदणीच्या कचेरीत चौथ्या खेपेला तिची कारकुनाशी गाठ पडली. माणूस वाईट नव्हता. त्याला तिचा राग आला नाही, दयाही आली नाही, आणि हे रागापेक्षा जड जातं. त्याने कागद तिच्याकडे फिरवला. "सही तुमचीच ना? मग झालं. तुम्हीच म्हणताय काम करत नाही."

"मी घाबरून म्हटलं."

"घाबरल्याचा रकाना नाही बाई." मग त्याने सरावाने सांगितलं. काम देणाऱ्याची चिठ्ठी आणा तुमच्या नावाची. नाहीतर नोंद झालेली एखादी कामगार साक्षीला आणा. नाहीतर पुन्हा-पाहणीचा अर्ज करा, साहेब घरी येऊन बघतील.

प्रत्येक गाठोड्याबरोबर एक चिठ्ठी यायची, ती खरी. काजवालीने ती कधी वाचली नव्हती. तुकडे मोजायचे आणि चिठ्ठी चुलीत टाकायची, ही सासूचीच शिकवण. आता तिने गाठोडेवाल्याकडे जाऊन त्याची वही मागितली. वहीत तिच्या खोलीपुढे नाव होतं सासूचं.

"त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, भाऊ."

"आम्ही घराला काम देतो वहिनी, माणसाला नाही. घराला एकदा नाव पडलं की पडलं."

म्हणजे गेली अकरा वर्षं काजं सासू करत होती. कागदोपत्री त्या माउलीने मेल्यावर एक दिवसही सुट्टी घेतली नव्हती. जिवंत सून मात्र घरीच होती.

"नाव बदलून द्या ना," काजवाली म्हणाली.

"कशाला लागतंय?"

इथे तिने दुसरी चूक केली. तिने खरं सांगितलं. कायदा, कार्ड, डोळा, सगळं. गाठोडेवाल्याने शांतपणे ऐकून घेतलं, डोळ्याबद्दल हळहळलासुद्धा, आणि पुढच्या आठवड्यापासून तिच्या दारात गाठोडं आलं नाही. कारखान्यावर जेवढी नावं लागतील तेवढी जबाबदारी, आणि गल्लीत एक नाव लागलं तेवढं पुरे होतं. गाठोडं आता सरळ जाऊकडे उतरायला लागलं. "तुमच्या चिठ्ठीवर काज-बटण लिहिलंय ना," तो जाऊला म्हणाला, "मग दोन्ही करा."

राहिली साक्ष. काजवाली जाऊकडे गेली. थोरले दीर पलंगावर पडून होते, तोंडावर सूज. त्यांची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती, आणि पिवळ्या चिठ्ठीवर कच्चं कार्ड मिळाल्यापासून आठवड्यातून दोनदा जाऊ त्यांना कामगार रुग्णालयात रक्त धुवायला नेत होती.

"जाऊबाई, एकदा चला माझ्याबरोबर. एवढंच सांगायचं, काजं ही करते, बटणं मी लावते."

जाऊ तिच्याकडे बघेना. हातातल्या दोऱ्याला उगाच गाठ मारत राहिली. "मी म्हटलं काजं माझी नाहीत, की ते म्हणणार चिठ्ठी खोटी. मग यांना मी कुठे घेऊन जाऊ?"

"खोटी कशी? बटणं तर तुम्हीच लावता."

"ते तुला कळतं, मला कळतं. त्यांना कोण समजावणार? रकाना एकच आहे." मग ती रडायलाच लागली. "डोळा मोठा की जीव मोठा, तूच सांग. तू म्हणशील तसं करते."

जाऊचं चुकत असतं तर भांडून मोकळं होता आलं असतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. "बरोबर आहे तुमचं," काजवाली म्हणाली आणि उठून घरी आली. त्यानंतर दोन महिने दोघी एकमेकींकडे गेल्या नाहीत, नळावरसुद्धा वेळा बदलून जायच्या.

पुन्हा-पाहणीचा साहेब आला तेव्हा डॉक्टरने दिलेल्या सहा महिन्यांतले चार संपले होते. आदल्या दिवशी कचेरीतून निरोप आला होता, त्यामुळे या वेळी टकटक झाली तेव्हा हातांना आवरायला तिला सवड मिळाली होती. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले आणि नवऱ्याला दार उघडायला सांगितलं. खाटेवर स्वच्छ कापडावर तिने सगळं ओळीने मांडलं होतं. सुया, छिन्नी, हातोडी, मेण, पितळी टोपण. तीस वर्षांत पहिल्यांदा या वस्तू कोणासाठी तरी बाहेर आल्या होत्या. नव्हता तो फक्त माल. खाटेखाली हात घातला की आता फरशीच लागायची.

म्हणून तिने नवऱ्याचा लग्नातला कोट काढला होता. कोट लग्नाच्या वेळीच उसना वाटत होता, आता तर त्याला तो खांद्यावरही चढत नव्हता. साहेब खुर्चीवर बसला. वयस्क, मऊ आवाजाचा, ऐकून घेणारा माणूस. काजवालीने छातीवरच्या पट्टीवर खडूची रेघ ओढली, छिन्नी टेकवली, ठोका मारला. उजव्या डोळ्याला आता नळीतून पाहावं तसं दिसत होतं, रेघ दिसली तर हात दिसत नव्हता. पण टाके घालायला तिला डोळ्याची फारशी गरज कधीच नव्हती. दोरा मेणावरून ओढला आणि बोटं आपल्या वाटेने निघाली. काज झालं तेव्हा साहेबाने चष्मा कपाळावर चढवून कोट डोळ्यांजवळ नेला, टाक्यांवरून नख फिरवलं.

"अप्रतिम," तो म्हणाला. "माझी आई शिवायची. पण असं नाही."

हातच्या काकणाला आरसा कशाला, काजवालीच्या मनात आलं. तिला खरंच वाटलं की झालं.

"हे कोणासाठी करता तुम्ही?"

"कोटांच्या कारखान्यासाठी. गाठोडं येतं."

"ते दिसत नाही कुठे."

"तीन महिन्यांपासून बंद केलंय, साहेब. मी कचेरीत गेले म्हणून."

साहेबाने मान हलवली. त्याला पटलंही असेल. पण त्याच्या कागदावर पुढचा प्रश्न घरच्या माणसासाठी होता. तो नवऱ्याकडे वळला. नवरा इस्त्रीचा शर्ट घालून भिंतीशी उभा होता, सकाळपासून दाढी करून तयार. "काका, तुम्ही सांगा. घर या चालवतात का? या काम करतात?"

नवऱ्याने काय सांगायचं हे त्याला शिकवून ठेवावं असं काजवालीला सुचलंच नव्हतं. तीस वर्षं एका खोलीत राहिलेल्या माणसाला काय शिकवायचं? आणि नवरा काही दुष्ट नव्हता. साहेबासमोर आपल्या घराची शोभा राखावी एवढंच त्याला वाटलं. भावाला, व्याह्यांना, कारखान्यातल्या जुन्या दोस्तांना नऊ वर्षं जे सांगत आला तेच त्याच्या तोंडून ताठ मानेने बाहेर पडलं.

"साहेब, कारखाना बंद पडला, हाल झाले, पण बायकोला मी कधी कुणाच्या कामाला लावलं नाही. हे आपलं तिचं... आवड आहे तिला."

साहेब लिहायला लागला. काजवालीने तोंड उघडलं, पण बोलायला गेली तर नवऱ्याला साहेबासमोर खोटं पाडावं लागणार होतं, आणि तेवढ्यात साहेबाचं लिहूनही झालं. त्याने नम्रपणे नमस्कार केला, प्रत खाटेवर ठेवली आणि गेला. काजवालीच्या नजरेला आता अक्षरं लागत नव्हती. "वाचा," ती म्हणाली.

नवऱ्याने खणखणीत आवाजात वाचलं, "सदर महिलेस शिवणकामाची हौस आहे. व्यवसाय नाही. अर्ज निकाली." वाचून संपल्यावर त्याला अर्थ कळला. कागद हातात धरून तो तसाच उभा राहिला.

काजवालीला राग आला. नवऱ्याचा, साहेबाचा, मेलेल्या सासूचा, आणि सगळ्यात जास्त त्या आरशासमोरच्या बाईचा, जिला बारा दिवस घोकूनही एक वाक्य वेळेवर बोलता आलं नव्हतं. पण बोलली ती एवढंच. "नऊ वर्षं माझी हौस दोन्ही वेळ जेवलात."

नवऱ्याने त्या दिवशी जेवायला घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच कचेरीत गेला आणि कारकुनासमोर हात जोडून म्हणाला, मी खोटं सांगितलं, माझं घर तीच चालवते. आपल्या तोंडाने हे म्हणायला त्याला किती जड गेलं असेल ते तोच जाणे. कारकुनाने फाइल काढून दाखवली. पुन्हा-पाहणी एकदाच होते. बैल गेला आणि झोपा केला. तिथून तो चालतच घरी आला आणि खाटेच्या कडेवर बसला, आणि काजवालीने त्याला चहा दिला.

सहा महिने संपले, मग आठ झाले. धर्मादाय दवाखान्यातले थेंब ती नेमाने घालत होती. उजव्या डोळ्यातली नळी बारीक होत होत सुईच्या नेढ्याएवढी झाली, आणि पुढे एके दिवशी नेढंही बुजलं. आता खिडकी कुठे आहे एवढं तिला कळतं.

काम मात्र सुटलं नाही. जाऊला काज कधीच जमलं नव्हतं, दोन गाठोडी परत आली तेव्हा गाठोडेवाल्याने दम दिला. काम सुटलं तर कार्ड जाईल आणि कार्ड गेलं तर थोरले दीर. एका दुपारी जाऊ तुकडे कुशीत लपवून तीन दारं ओलांडून आली आणि ते तिच्या मांडीवर ठेवले. काजवालीने पितळी टोपण बोटात चढवलं. नवरा खडूची रेघ ओढतो, छिन्नीने चीर पाडतो, सकाळी वीस सुयांत दोरे ओवून पडद्यावर ओळीने टोचून ठेवतो. ती बोटांनी काज करते. गाठ अजून घसरत नाही. कागदावर ती काजं जाऊची असतात, आणि कोणी विचारलं तर नवरा म्हणतो, काही नाही, आम्ही दोघं घरीच असतो.

परवा तो थेंब आणायला गेला होता. दारावर टकटक झाली. काजवालीच्या हातातलं काज अर्धं होतं. तुकडा गाठोड्यात, गाठोडं खाटेखाली, चादर, सुया, छिन्नी, मेण, फडकं. डोळे नसल्याने एक क्षणही वाया गेला नाही. केसांवरून हात फिरवून ती दाराशी गेली.

"अगं, मीच आहे," जाऊ म्हणाली. "हाक मारायची राहिली बघ."

"हात ऐकत नाहीत हो," काजवाली म्हणाली.

जाऊ कण्हत कण्हत सुजलेल्या गुडघ्यांवर बसली आणि खाटेखाली हात घालून एकेक वस्तू बाहेर काढायला लागली. गाठोड्यापाठोपाठ तिच्या हाताला जुना कोट लागला. तिने तो उजेडात धरला, छातीवरच्या पट्टीवर बोट फिरवलं. "याला काज केलंयस आणि बटण नाही. माझ्याकडे आहे एक जुळणारं. लावू का?"

"राहू द्या," काजवाली म्हणाली. "ते हौसेचं आहे."